फिल्टर कपॅसिटर पुन्हापुन्हा का जातो? घरी बांधलेल्या ईएल८४ व्हॉल्व्ह अॅम्पसाठी तपासणी

तक्रार नेहमीची आहे. अॅम्प बांधला, छान वाजला. काही महिन्यांनी हमिंग सुरू झालं, फिल्टर कपॅसिटर (सप्लायचं डीसी सपाट करणारा) बदलला, हमिंग गेलं. पुढच्या उन्हाळ्यात परत आलं. किंवा त्याहून वाईट, म्हणजे स्विच लावला, फट् आवाज झाला आणि चासीच्या आत चिकट ओघळ. मग महागडा ब्रँड मागवला जातो आणि तोही जातो. एकाच जागेचा कपॅसिटर दुसऱ्यांदा गेला तर तिसरा घेण्याआधी मीटर हातात घ्या. बहुतेक वेळा त्या जागेवर प्रत्यक्षात किती व्होल्टेज येतं हे कोणी मोजलेलंच नसतं.

उदाहरणासाठी सर्वात जास्त बांधला जाणारा अॅम्प धरू. स्टिरिओ, सिंगल-एंडेड, प्रत्येक चॅनलला एक ईएल८४ (आउटपुट व्हॉल्व्ह), दोन्हींना मिळून एक ईसीसी८३ (त्याआधीचा छोटा व्हॉल्व्ह), ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५०, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) म्हणून ईझेड८१ व्हॉल्व्ह किंवा दोन सिलिकॉन डायोड. रेक्टिफायरनंतर पहिला कपॅसिटर (याला सी१ म्हणू), मग १० हेन्रीचा चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल), मग सी२, तिथून रेझिस्टरमार्गे ईसीसी८३ ला जाणारा सी३. ईएल८४ च्या डेटाशीटप्रमाणे अॅनोडवर २५० व्होल्ट असताना अॅनोड करंट ४८ आणि स्क्रीन करंट ५.५ मिलिअँपिअर. दोन व्हॉल्व्हचे १०७, ईसीसी८३ धरून ११०. पुढचे आकडे याच हिशेबाने आहेत.

आधी सुरक्षितता. या सर्किटमध्ये चारशे व्होल्ट साठून राहतं आणि ते जीव घेऊ शकतं. प्लग काढल्यावर १० के (किलो-ओहम), ५ वॅटचा रेझिस्टर क्रोकोडाइल क्लिपने सी१ वर लावा, पाच-दहा सेकंदांत मीटर शून्याजवळ येतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय सोडा. शिवाय क्लिप काढल्यावर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं, म्हणून काम संपेपर्यंत क्लिप तिथेच राहू द्या.

गेलेला कपॅसिटर फेकू नका, तो कसा गेला ते बघा. पहिल्याच काही मिनिटांत डोकं फुगलं किंवा वरची फुलीची खाच फाटली, तर व्होल्टेज जास्त झालंय किंवा पोलॅरिटी उलटी आहे. बाहेरून ठणठणीत, पण हमिंग महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलं, तर आतला द्रव वाळलाय, म्हणजे उष्णता. शेजारी गरम काही नसताना कपॅसिटर हाताला कोमट लागतो (सप्लाय बंद करून, डिस्चार्ज करून मगच हात लावा), तर एकतर तो लीक आहे (आतून डीसी करंट गळतोय) किंवा त्याला रिपल करंट (डीसीवर उरलेल्या एसी चढउताराचा करंट) झेपत नाही. आणि वर्षभर कपाटात पडलेला अॅम्प सुरू करताच फ्यूज उडाला, तर आतला ऑक्साइडचा थर कमजोर झालाय. त्याचा उपाय शेवटी दिला आहे.

हमिंग कुठलं तेही ओळखून घ्या. फुल-वेव्ह सप्लायचा रिपल १०० हर्ट्झचा असतो. हीटर, ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक यांचं हमिंग मुख्यतः ५० हर्ट्झचं, म्हणजे एक सप्तक खाली. कानाने कळलं नाही तर फोनवरचं कुठलंही स्पेक्ट्रम अॅप स्पीकरसमोर धरा. ५० ला शिखर दिसत असेल तर फिल्टर कपॅसिटर बदलून काहीही होणार नाही. अपवाद एकच: एक डायोड किंवा ईझेड८१ चा एक अॅनोड मेला तर सप्लाय हाफ-वेव्ह होतो, रिपल ५० हर्ट्झचा आणि दुपटीहून मोठा होतो.

आता मुख्य गोष्ट, व्होल्टेज.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं २५० हे आरएमएस (एसीचं प्रभावी मूल्य) आहे आणि तेही पूर्ण लोडवरचं. कपॅसिटर चार्ज होतो शिखरापर्यंत: २५० गुणिले १.४१४, म्हणजे ३५३ व्होल्ट. इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि ४०० व्होल्टचा कपॅसिटर घेतात. पण लोड नसताना छोट्या ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी व्होल्टेज सुमारे दहा टक्के वर असतं. २७५ चं शिखर ३८९. हे भिंतीत २३० असताना. रात्री लोड उतरला की अनेक ठिकाणी भिंतीत २५० मिळतात, मग तो आकडा ४२३ होतो. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर प्रायमरीच्या २२० च्या टॅपवर (जोडणीच्या टोकावर) जोडला असेल तर आणखी वर.

लोड नसण्याची वेळ रोज येते. सिलिकॉन डायोड असतील तर स्विच लावताच सी१ वर पूर्ण शिखर येतं आणि ईएल८४ तापून करंट ओढायला लागेपर्यंत दहा-वीस सेकंद तिथेच राहतं. रोज तेवढा वेळ ४०० चा कपॅसिटर ४२३ वर. एका दिवसात तो मरत नाही, दरवेळी थोडा लीक होतो, थोडा तापतो, आणि मग एक दिवस खाच फाटते. ईझेड८१ स्वतःच सावकाश तापत असल्यामुळे हा धक्का टळतो. म्हणूनच ‘जुना रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला, त्याजागी डायोड टाकले, आणि तेव्हापासून कपॅसिटर जातात’ ही तक्रार इतकी ऐकू येते. ईझेड८१ असतानाही सॉकेटातला ईएल८४ सैल झाला किंवा त्याचा हीटर तुटला की व्होल्टेज चढतंच, त्यामुळे हिशेब दोन्हीकडे शिखराचाच धरायचा.

मोजायची पद्धत अशी:

१. दोन्ही ईएल८४ आणि ईसीसी८३ काढा. रेक्टिफायर राहू द्या.

२. ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून (मेन्सच्या वायरमध्ये मधे जोडलेल्या) सप्लाय द्या. लोडच नसल्यामुळे बल्ब बंदच दिसायला हवा, ईझेड८१ च्या हीटरमुळे फार तर किंचित लालसर. लख्ख पेटला तर तिथेच थांबा, काहीतरी शॉर्ट आहे.

३. सगळं ठीक दिसलं तर बंद करून बल्ब काढा, मीटरचे क्लिप सी१ वर आधीच लावून ठेवा आणि मग चालू करा. जुना संशयित कपॅसिटर या चाचणीला वापरू नका. ४५० चा नवा लावा आणि दहा-पंधरा सेकंदांत रीडिंग घेऊन बंद करा.

४. त्याच वेळी भिंतीतलं व्होल्टेज मोजा. समजा भिंतीत २३२ आणि सी१ वर ३८८ आलं. तुमच्याकडे रात्रीचं कमाल २५५ असेल तर ३८८ गुणिले २५५ भागिले २३२, म्हणजे ४२६. हा आकडा कपॅसिटरवरच्या छापील व्होल्टेजपेक्षा कमी हवा. थोडा वाव ठेवून. इथे ४५० चालेल, ४०० नाही.

चाचणीनंतर व्हॉल्व्ह लावून हीटरचं व्होल्टेजही बघा. ६.३ च्या जागी ७ च्या आसपास दिसलं तर सगळाच ट्रान्सफॉर्मर दहा टक्के वर चालतोय. अशा वेळी प्रायमरीला २४० किंवा २५० चा टॅप असेल तर वायर तिकडे हलवा. खर्च शून्य, आणि व्हॉल्व्हचंही आयुष्य वाढतं.

बाजारात ४०० व्होल्टचे कपॅसिटर ढिगाने मिळतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत काय. त्याचं कारण साधं आहे. चार्जर, एलईडी ड्रायव्हर, टीव्हीचा एसएमपीएस हे सगळे २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय करतात, ३२५ येतात, त्यांना ४०० पुरतात. आपल्या सर्किटला पुरत नाहीत. काउंटरवर ‘चालतंय हो, सगळे हाच नेतात’ असं ऐकू आलं तरी ४५० मागा. ५०० व्होल्टचे कपॅसिटर हवे असतील तर जर्मनीचे एफ अँड टी किंवा स्लोव्हाकियाच्या जेजे चे कॅन (धातूच्या डब्यातले मोठे कपॅसिटर) मागवावे लागतात. महाग पडतात, पण व्हॉल्व्ह अॅम्पच्या व्होल्टेजसाठीच बनवलेले असतात. नकली माल ओळखायला वजन आणि माप उपयोगी पडतं. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नेहमीचा रेडियल कपॅसिटर साधारण १६ मिमी व्यासाचा आणि २५ ते ३२ मिमी उंचीचा असतो. तोच आकडा १० मिमीच्या डब्यावर छापलेला दिसला तर ती फक्त वरची स्लीव्ह बदललेली आहे.

कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसमधून काढलेले २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. व्होल्टेज होतं ४००, जे पुरत नाही, आणि कपॅसिटी होते दोनशेच्या वर, जी जास्त आहे. दोन्हीकडून नुकसान.

ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० असेल तर वरच्याच हिशेबाने शिखर ५०० च्या पार जातं. तिथे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये लावण्याला पर्याय नाही, पण नीट लावा. प्रत्येकाला समांतर २२० के, २ वॅटचा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर ज्याचं लीकेज कमी त्याच्यावर जास्त व्होल्टेज जमतं, तो जातो, मग पूर्ण भार दुसऱ्यावर. एक गेला की दोन्ही गेले, त्याचं हेच कारण. पाव वॅटचा रेझिस्टर वापरू नका. वॅटेज पुरेलसं वाटलं तरी त्याची व्होल्टेज मर्यादा साधारण २५० असते. आणि वरच्या कपॅसिटरचा धातूचा डबा निम्म्या एचटीवर (मुख्य डीसी व्होल्टेजवर) असतो, हे कायम लक्षात ठेवा. वरची प्लास्टिक स्लीव्ह म्हणजे इन्सुलेशन नव्हे. तो डबा चासीला टेकता कामा नये, बोट लागेल असा उघडाही नको. जाता जाता, ३००-०-३०० ला प्रत्येक बाजूला एकच १एन४००७ लावू नका. त्याच्यावर उलटं व्होल्टेज शिखराच्या दुप्पट येतं, म्हणजे हजारच्या वर, आणि त्याची मर्यादा हजारच आहे. दोन-दोन सिरीजमध्ये लावा.

किती मायक्रोफॅरड?

जास्त म्हणजे चांगलं, हा समज सी१ च्या बाबतीत महागात पडतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये सी१ ची कमाल मर्यादा दिलेली असते: ईझेड८० आणि ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड३४ ला ६०. त्याच्या वर गेलं की चार्जिंगचे करंटचे झटके कॅथोडला झेपत नाहीत, आत ठिणगी पडते, आणि रेक्टिफायर शॉर्ट होऊन एसी थेट कपॅसिटरवर येतो. इलेक्ट्रोलिटिकचा टॉलरन्स २० टक्के असतो. ४७ चा एखादा तुकडा ५६ भरतो, म्हणून मोजून घ्या, नाहीतर ३३ टाका. सिरीजमध्ये लावायचे असतील तर ६८ अधिक ६८ घ्या, ३४ मिळतात.

डायोड असतील तर ही मर्यादा नाही, पण २२० टाकून फायदा थोडा आणि त्रास जास्त. चार्जिंगचे झटके अरुंद आणि उंच होतात, ट्रान्सफॉर्मर तापतो, भुणभुण वाढते. ४७ ते १०० पुरेसे. हमिंग कमी करायचं असेल तर ते काम चोक आणि सी२ वर सोपवा. ११० मिलिअँपिअरला ४७ च्या सी१ वर रिपल सुमारे ५ ते ६ व्होल्ट आरएमएस राहतो. त्यापुढे १० हेन्री आणि ४७ मायक्रोफॅरड असले की तो १०० हर्ट्झला साधारण १८५ पटीने खाली येतो, म्हणजे ३० मिलिव्होल्ट. चोकच्या जागी २२० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावला तर तोच रिपल जेमतेम साडेसहा पटीने उतरतो आणि वर २४ व्होल्ट फुकट जातात. सिंगल-एंडेडमध्ये चोकवर पैसे वाचवू नयेत.

हे मोजायला मीटर एसी रेंजवर ठेवा आणि एका प्रोबला सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा. स्वस्त मीटर एसी रेंजवरही डीसी मोजून खोटे आकडे दाखवतात. सी१ वर १५-२० व्होल्ट दिसले तर तो वाळलाय किंवा रेक्टिफायरची एक बाजू मेली आहे. समांतर चांगला कपॅसिटर लावून बघायची जुनी पद्धतही चालते, पण बंद करून, डिस्चार्ज करून, क्लिप लावून मग चालू करायचं. वाळलेला त्याने सापडतो, लीक असलेला नाही. बाजारातले छोटे कॉम्पोनंट टेस्टर लीकेजसाठी निरुपयोगी आहेत. ते काही व्होल्टवर मोजतात, आपला दोष चारशेवर दिसतो.

कपॅसिटर निवडताना पाकिटावरचं तापमान आणि तास दोन्ही वाचा. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा सर्वमान्य हिशेब. ‘८५ अंश, २००० तास’ वाला कपॅसिटर ७५ अंशांवर ४००० तास चालतो. रोज चार तास ऐकलं तर तीन वर्षांच्या आतच संपला. ‘१०५ अंश, ५००० तास’ वाला त्याच जागी ४०,००० तास. दुकानात दोघांच्या किमतीत फार अंतर नसतं. चासीच्या आत ७५ अंश अशक्य वाटत असतील तर नागपूरचा मे महिना आठवा: खोलीतच ४० च्या वर, आणि दोन ईएल८४, एक ईझेड८१ मिळून आत शेगडी पेटवलेली. ईएल८४ ची काच दोनशे अंशांच्या घरात असते. कपॅसिटर तिच्यापासून किमान ५ सेंटिमीटर लांब ठेवा, चासीखाली ५ वॅटच्या रेझिस्टरला चिकटवू नका, आणि खाचेच्या डोक्यावर तीन-चार मिलिमीटर मोकळे सोडा. ऐनवेळी खाच उघडायला जागा लागते.

रिपल करंटही बघा. सी१ मधून साधारण २०० ते २५० मिलिअँपिअर आरएमएस वाहतो. डेटाशीटमध्ये १२० हर्ट्झला ३०० च्या वर आकडा असलेला घ्या. काही मालावर १०० किलोहर्ट्झचा आकडा मोठ्ठा छापलेला असतो; आपल्या १०० हर्ट्झला तो निम्मा किंवा त्याहून कमी धरावा लागतो.

कॅथोडचा छोटा कपॅसिटर वारंवार जात असेल तर दोष जवळजवळ नेहमी दुसरीकडे असतो. ईएल८४ च्या कॅथोडवर, म्हणजे पिन ३ वर, १३० ओहमच्या रेझिस्टरने सुमारे ७ व्होल्ट यायला हवेत. तिथे १२-१५ दिसले तर पिन २ वर चासीच्या तुलनेत मोजा. ग्रिडवर शून्य हवं. अर्धा व्होल्टही पॉझिटिव्ह असेल तर ईसीसी८३ कडून येणाऱ्या कपलिंग कपॅसिटरचं एक टोक सोडा आणि परत मोजा. व्होल्टेज गेलं तर कपलिंग लीक आहे, राहिलं तर व्हॉल्व्हच गॅसी झालाय (आतली निर्वात पोकळी बिघडली आहे). जुने कागदी कपलिंग कपॅसिटर याबाबतीत न मोजताच बदलावेत. कॅथोडला १६ व्होल्टचा तुकडा टाकू नका, ३५ किंवा ५० चा टाका. व्हॅल्यू २२० मायक्रोफॅरड ठेवली की बास सुमारे १४ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. १०० ला तो ३० पाशीच उतरायला लागतो. ईसीसी८३ च्या १.५ के कॅथोडला २२ पुरतात.

आवाजात भुट्-भुट्-भुट् असा संथ ठोका येत असेल तर सी३ वाळलेला आहे. त्यावाचून दोन्ही स्टेज सप्लायमार्गे एकमेकींना हलवत राहतात.

सगळे कपॅसिटर नवे, रिपलही बरोबर, तरी १०० हर्ट्झची करकरीत भुणभुण? मग वायरिंग तपासा. ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपची वायर चासीच्या एका बोल्टला आणि सी१ चं निगेटिव्ह दुसऱ्या बोल्टला, असं असेल तर चार्जिंगचे एक-एक अँपिअरचे झटके चासीतून फिरतात. ०.०२ ओहमवरही त्याचे २० मिलिव्होल्ट होतात, आणि हा अॅम्प तीनशे-चारशे मिलिव्होल्टला पूर्ण वाजतो. सेंटर टॅप आधी थेट सी१ च्या निगेटिव्हवर आणा, तिथून एकच वायर ग्राउंडच्या मुख्य बिंदूकडे. कॅन चासीला स्क्रूने आवळलेला असेल तर फायबर वॉशर घालून तो वेगळा करा.

पुश-पुल आणि फिक्स्ड बायस वाल्यांसाठी एवढंच: बायस सप्लाय निगेटिव्ह असतो, म्हणून तिथल्या कपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक चासीला जातं. सवयीने उलटा लावला जातो, तो फुटतो, बायस जातो आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेट लाल होतात.

राहिला पडून असलेला माल. केरळच्या केल्ट्रॉनचे जुने न वापरलेले कपॅसिटर किंवा जुन्या रेडिओतले कॅन सरळ सर्किटमध्ये लावू नका. १०० के, ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून ५०-१०० व्होल्टपासून सुरुवात करा आणि तासातासाने वाढवत छापील व्होल्टेजपर्यंत न्या. प्रत्येक पायरीला मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर ठेवा: १०० व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर लीकेज. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टसाठी शेवटी ६३ व्होल्टच्या खाली, म्हणजे ०.६३ मिलिअँपिअरच्या आत, उतरायला हवं. चांगला तुकडा याच्याही बराच खाली जातो. काही तासांनीही आकडा शंभरावर अडून बसला किंवा डबा कोमट झाला तर तो कपॅसिटर भंगारात. टिकला तरी अठ्ठेचाळीस तासांनी रेझिस्टर न बदलता पुन्हा एकदा मोजा. लीकेज परत चढलेलं असेल तर सी१ च्या जागी तो नको.